दोन वेगळे ॲम्प, एक स्पीकर जोडी: बायॲम्पिंगमध्ये लेव्हल कशी जुळवायची?

सूरसांगली:

नमस्कार मंडळी. माझ्याकडे फ्लोअरस्टँडर स्पीकर आहेत, मागे चार टर्मिनलवाले, वरची जोडी ट्वीटरची (वरचे सूर) आणि खालची वूफरची (खालचे सूर), या दोघांत सूर वाटून देणारा क्रॉसओव्हर अडीच किलोहर्ट्झच्या आसपास आहे असं माहितीपत्रकात दिलंय. इतकी वर्षं ८० वॉटच्या सॉलिड स्टेट, म्हणजे ट्रान्झिस्टरवाल्या, इंटिग्रेटेड ॲम्पवर ऐकत होतो. आता मामांनी त्यांचा काचेच्या नळ्यांचा व्हॉल्व्ह ॲम्प दिलाय, ईएल८४ नळ्यांचा पुश-पुल, चॅनेलला १२ वॉट, समोर एकच व्हॉल्यूम नॉब. म्हटलं बायॲम्पिंग करू, म्हणजे एकाच स्पीकरला दोन ॲम्प, वूफर ८० वॉटवर ठेवू आणि ट्वीटर व्हॉल्व्हवर चालवू. इंटिग्रेटेडला प्री-आउट (व्हॉल्यूम नॉबनंतरचा सिग्नल दुसऱ्या ॲम्पला द्यायची जागा) आहे, तिथून आरसीए केबल व्हॉल्व्ह ॲम्पला नेली, स्पीकरच्या मागच्या, वरची-खालची टर्मिनलं जोडणाऱ्या पितळी पट्ट्या काढल्या आणि सुरू केलं.

आवाज सुंदर येतोय, पण तोल काही केल्या सापडत नाही. मी जास्त करून शास्त्रीय आणि अभंग ऐकतो. व्हॉल्व्हचा नॉब जरा वर नेला की हार्मोनियम किरकिरते, गायकाचा 'स' आणि 'श' कानात घुसतो, खाली आणला तर तंबोरा गोधडीखाली ठेवल्यासारखा वाटतो, आणि संध्याकाळी बरोबर लावून ठेवलेलं सकाळी ऐकलं की परत चूक वाटतं. फोनवर आवाज मोजायचं ॲप टाकून बघितलं तर आकडे नुसते उड्या मारतात. ओळखीचा एक दुकानदार म्हणतो की १२ वॉट ८० ला पुरणारच नाहीत, दोन्ही ॲम्प एकाच कंपनीचे आणि सारख्या वॉटचे पाहिजेत. खरं आहे का हे? आणि नॉब नेमका कुठे ठेवायचा हे ठरवायची काही पद्धत आहे का?

तारजोड:

सूरसांगली, आधी एक खात्री करा, दोन्ही स्पीकरच्या सगळ्या पट्ट्या काढल्यात ना, लाल पण आणि काळ्या पण? लाल राहिली तर दोन ॲम्पचे आउटपुट एकमेकांवर येतात आणि एखादा ॲम्प जागेवर जातो. हे बघितल्याशिवाय पुढे काही करू नका.

आता वॉटचं. लेव्हल जुळवताना वॉट बघायचेच नाहीत, गेन बघायचा. गेन म्हणजे इनपुटला जेवढे व्होल्ट दिले त्याच्या किती पट आउटपुटला आले. तो डीबीत, म्हणजे डेसिबलमध्ये सांगतात. २६ डीबी गेनचा ॲम्प २० पट करतो, २९ डीबीवाला २८ पट, ३२ डीबीवाला ४० पट, आणि घरगुती ॲम्प बहुतेक करून याच्याच आसपास कुठेतरी असतात. ५० वॉटचा ॲम्प ३२ डीबीचा असू शकतो आणि २०० वॉटचा २६ चा, त्याचा वॉटशी थेट संबंध नाही. तुमच्या दोन ॲम्पचे गेन सारखे केले की झालं, कंपनी कुठलीही असू दे. १२ वॉट कुठे कमी पडतात ती गोष्ट वेगळी, ती कोणीतरी सांगेलच इथे.

गेन सारखा का पाहिजे तेही सांगतो. स्पीकर बनवणाऱ्याने ट्वीटर आणि वूफरचा तोल आतल्या क्रॉसओव्हरमध्येच बसवलेला असतो, ट्वीटर जास्त संवेदनशील असेल तर त्याच्या वाटेत रेझिस्टर घालून त्याला खाली आणलेलं असतं. तो सगळा हिशोब असं धरून केलेला असतो की वरच्या आणि खालच्या टर्मिनलला एकच व्होल्टेज मिळणार. तुमचा वरचा ॲम्प ३ डीबी जास्त असेल तर तुम्ही क्रॉसओव्हरच्या वरचा सगळा पट्टा ३ डीबीने उचलला, ट्रेबल कंट्रोल फिरवल्यासारखंच झालं ते. बायॲम्पिंग केलं आणि वरचं सगळं एकदम मोकळं झालं असं लोक आनंदाने लिहितात ना, माझं ठाम मत आहे की त्यातल्या पुष्कळ ठिकाणी वरचा ॲम्प नुसता एक-दोन डीबी जास्त असतो, बाकी काही झालेलं नसतं.

म्हणून कानाने नको, मीटरने जुळवा. पण मीटर बघून घ्या. तो पिवळा स्वस्तातला डीटी८३० येतो त्यात एसीची सगळ्यात खालची रेंज २०० व्होल्टची असते, तिथे दोन व्होल्ट मोजायला गेलात तर दशांशाचा एकच आकडा दिसेल, काही उपयोग नाही. एसी व्होल्टची २ किंवा २० ची रेंज असलेला पाहिजे. टोन २०० हर्ट्झचा घ्या, साइन वेव्ह. साधे मीटर ४०० हर्ट्झच्या वर भरवशाचे राहत नाहीत, आणि ५० किंवा १०० घेतला तर लाइटचा हम त्यात मिसळतो, म्हणून २००. हजार हर्ट्झचा टोन घेऊ नका, पुष्कळ लोक तिथेच फसतात.

स्पीकर दोन्ही ॲम्पवरून काढा आणि त्या जागी ८.२ ओहम १० वॉटचा सिमेंट रेझिस्टर लावा. व्हॉल्व्ह ॲम्प लोडशिवाय कधीच चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जायची भीती असते. आणि नुसता ट्वीटर लोड म्हणून ठेवला तर तेही चुकीचंच, कारण ट्वीटरच्या वाटेत कपॅसिटर असतो, २०० हर्ट्झला ॲम्पला जवळजवळ काहीच लोड दिसत नाही. व्हॉल्व्ह ॲम्पचा आउटपुट इम्पीडन्स (सिग्नलला होणारा अडथळा, ओहममध्ये) सॉलिड स्टेटपेक्षा बराच जास्त असतो, एक ओहम जरी धरला तरी मोकळा ॲम्प आणि ८ ओहम लोडवरचा ॲम्प यात एक डीबीचा फरक पडतो, म्हणजे मोकळा मोजून जुळवला तर प्रत्यक्ष गाण्यात ट्वीटर एक डीबी खाली जाईल. रेझिस्टर मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मिळतो, सांगलीतही रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे मिळायला हरकत नाही.

मग व्हॉल्व्हचा नॉब पूर्ण उघडा, इंटिग्रेटेडचा व्हॉल्यूम हळूहळू वाढवत त्याच्या आउटपुटला २ व्होल्ट आणा, तो नॉब तिथेच सोडा आणि व्हॉल्व्हच्या आउटपुटला किती येतात ते मोजा, डावा उजवा दोन्ही. वायरी बदलताना दरवेळी दोन्ही ॲम्प बंद. आकडे इथे टाका.

मांडोवी_साउंड:

मी गोव्यात स्टेज साउंड करतो, बरीच वर्षं. आमच्याकडे असं काही मोजत बसायला वेळच नसतो, पिंक नॉइज (सगळे सूर असलेला सरसर आवाज) लावायचा, मैदानात उभं राहून ऐकायचं, टॉप (वरच्या सुरांचे स्पीकर) आणि सब (खालच्या सुरांचे) यांचा तोल कानाने बसवायचा, आणि बसतो तो. आमचं सगळं ॲक्टिव्ह असतं, म्हणजे ॲम्पच्या आधी इलेक्ट्रॉनिक क्रॉसओव्हर, २४ डीबी पर ऑक्टेव्ह लिंकविट्झ-रायली प्रकारचा, प्रत्येक बँडला वेगळा गेन. माझा सल्ला, सूरसांगलींनी पण एक छोटा डीएसपी (सिग्नलवर डिजिटल प्रक्रिया करणारा डबा) घ्यावा, व्हॉल्व्ह ॲम्पला फक्त वरचा पट्टा द्यावा आणि कानाने सेट करावं. शेवटी ऐकायचं कानानेच आहे ना.

तारजोड:

मांडोवी_साउंड, तुमच्या कामात ते बरोबरच आहे आणि तुमच्या कानाबद्दल मला आदरच आहे. पण तिथे आणि इथे मोठा फरक आहे. ॲक्टिव्हमध्ये टॉप आणि सबची संवेदनशीलता वेगळी, मधे पॅसिव्ह, म्हणजे स्पीकरच्या आतला, क्रॉसओव्हर नाही, त्यामुळे दोन ॲम्पचं व्होल्टेज सारखं ठेवण्याला तिथे अर्थच नाही, तोल तुम्हालाच ठरवावा लागतो, कानाने किंवा माइक लावून. यांच्या स्पीकरमध्ये तो आधीच कोणीतरी मोजून ठरवलेला आहे. तो परत मिळवायचाय, नवा शोधायचा नाहीये.

आणि घरात कान रोज वेगळं का सांगतो त्यालाही कारण आहे. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवून दिलं की आवाजाची पातळी कमी असली की कानाला खालचे सूर जास्त कमी ऐकू येतात. म्हणजे हळू आवाजात लावलेला तोल मोठ्या आवाजात वेगळा वाटणार, शिवाय दर रेकॉर्डिंगचं मिक्सिंग निराळं. एका जुन्या मैफलीच्या रेकॉर्डिंगवर नॉब लावला की तो त्या रेकॉर्डिंगपुरताच बरोबर. सूरसांगलींचं संध्याकाळ-सकाळचं कोडं हेच आहे.

डीएसपीबद्दल, आतला क्रॉसओव्हर काढून टाकून पूर्ण ॲक्टिव्ह करायचं असेल तर जरूर घ्या, पण मग ते वेगळं काम आहे. मापायचा माइक लागतो, आणि ट्वीटरला वायरीत एक संरक्षणाचा कपॅसिटर ठेवावा लागतो, नाहीतर ॲम्प सुरू होतानाच्या धपकन आवाजात ट्वीटर जातो.

मांडोवी_साउंड:

पटलं. पॅसिव्ह क्रॉसओव्हर तसाच ठेवून दोन ॲम्प, हे मी लक्षातच घेतलं नव्हतं. मग मीटरच बरोबर.

सूरसांगली:

तारजोड, तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं. पट्ट्या सगळ्या निघालेल्या होत्या. मीटर शेजारच्या इलेक्ट्रिशियन काकांचा आणला, त्यात ६ व्होल्टची एसी रेंज आहे. इंटिग्रेटेडच्या आउटपुटला २.०० व्होल्ट, डावा उजवा दोन्हीकडे. व्हॉल्व्हचा नॉब पूर्ण उघडा, दोन्हीकडे २.९४. मग गंमत म्हणून व्हॉल्व्हचा नॉब मागे घेत डाव्याला २.०० आणले, तर उजव्याला २.१४ दिसले. नॉब जरा हलवून परत तिथेच आणला तरी तेच. म्हणजे माझा मीटर बिघडलाय की ॲम्प?

तारजोड:

दोन्ही ठीक आहेत, तो नॉबच तसा आहे. ड्युअल पॉटमध्ये, म्हणजे एका नॉबने दोन्ही चॅनेल फिरवणाऱ्या व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये, दोन कार्बनच्या पट्ट्या असतात आणि त्या एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत, पूर्ण उघड्या असताना फरक दिसत नाही, मागे घेतलं की दिसायला लागतो. २.१४ आणि २.०० म्हणजे ०.६ डीबी. तुमच्याकडे उजवा ट्वीटर डाव्यापेक्षा एवढा जास्त वाजतोय, गायक मधोमध न बसता वरच्या सुरांना जरा उजवीकडे सरकत असेल, लक्ष देऊन ऐका एकदा.

म्हणून तो नॉब लेव्हल जुळवायला वापरूच नका. पूर्ण उघडा ठेवा आणि इनपुटला ठरलेल्या किमतीचे रेझिस्टर लावा. हिशोब असा. २.९४ चे २.०० करायचे, म्हणजे ०.६८ पट, जवळजवळ ३.३ डीबी कमी. सिग्नलच्या वाटेत एक रेझिस्टर सिरीजमध्ये आणि त्याच्या पुढे सिग्नल ते ग्राउंड दुसरा. ग्राउंडकडचा १० के (किलोओहम) घेऊ. तुमच्या व्हॉल्व्ह ॲम्पचा इनपुट इम्पीडन्स किती आहे, नॉबच्या पॉटवर १०० के छापलंय का? असेल तर १० के आणि १०० के पॅरलल, ९.०९ के झाले. सिरीजला ४.२८ के लागतो. ४.३ के दुकानात सहज मिळत नाही, म्हणून ३.९ के आणि ३९० ओहम एकामागे एक जोडा, ४.२९ झाले, बरोबर बसतं. सगळे मेटल फिल्म, एक टक्कावाले, पाव वॉट पुरेत. हा डाव वेगळ्या ॲम्पला लावताना इनपुट इम्पीडन्स विसरू नका, ४७ के असता तर हेच आकडे बदलले असते.

बसवायचं कुठे, तर व्हॉल्व्ह ॲम्पच्या टोकाला आरसीए प्लगच्या आत. प्री-आउटच्या टोकाला बसवलं तर मधली लांब केबल जास्त इम्पीडन्सवर येते आणि हम पकडते.

ठाणे_ओहम:

तारजोडने लेव्हलचं सगळं सांगितलंय, मी ते १२ वॉटचं सांगतो, कारण दुकानदाराचं म्हणणं पूर्ण चूक नाहीये, फक्त कारण वेगळं आहे.

पॅसिव्ह बायॲम्पिंगमध्ये वरच्या ॲम्पला सिग्नल पूर्ण पट्ट्याचाच जातो, खालचे सूर वगळून जात नाहीत. ट्वीटरच्या वाटेतला कपॅसिटर त्या सुरांचा करंट वाहू देत नाही, त्यामुळे ॲम्पला कष्ट कमी पडतात, पण व्होल्टेज मात्र त्याला पूर्ण काढावं लागतं. ८० वॉट ८ ओहमला म्हणजे २५.३ व्होल्ट, १२ वॉट म्हणजे ९.८ व्होल्ट. पखवाजाची थाप आली आणि इंटिग्रेटेडने १५ व्होल्ट काढले की तुमचा व्हॉल्व्ह ॲम्प तेव्हा ९.८ वरच अडकलेला, क्लिप झालेला, म्हणजे लाटेचं टोक कापलं गेलेलं. ट्वीटर पखवाज वाजवत नाही, पण त्याच क्षणी चालू असलेल्या टाळांचा वरचा सूर त्या क्लिपिंगमध्ये चिरडला जातो. व्हॉल्व्ह क्लिप होताना सॉलिड स्टेटएवढं बोचत नाही म्हणून लोकांना पटकन कळत नाही, पण होतं ते. म्हणजे ८० अधिक १२ असे ९२ वॉट झाले वगैरे काही नसतं, एकूण सिस्टिम स्वच्छ वाजणार ती लहान ॲम्पच्या व्होल्टेजएवढीच.

उपाय सोपा आहे, वरच्या ॲम्पच्या इनपुटलाच खालचे सूर कापा, एक कपॅसिटर सिरीजमध्ये. तारजोडचे रेझिस्टर लावल्यावर पुढे दिसणारा एकूण इम्पीडन्स साधारण १३.४ के होतो. ०.१ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर त्या रेझिस्टरच्या आधी लावला तर कट साधारण १२० हर्ट्झला येतो. पखवाजाच्या धुमाचं आणि तबल्याच्या बायाँचं मुख्य बळ त्याच्या खालीच असतं, तेवढं व्हॉल्व्हच्या वाटेतून कमी झालं की त्याला श्वास घ्यायला बरीच जागा मिळते. क्रॉसओव्हर अडीच हजारला असल्यामुळे तिथे फेजवर (दोन लाटांच्या वेळेच्या जुळणीवर) परिणाम तीन अंशांच्याही आत, काळजी नको. थ्री-वे स्पीकर असता आणि क्रॉसओव्हर ३०० ला असता तर मी हे सुचवलं नसतं.

फक्त क्रम पाळा. आधी कपॅसिटरशिवाय २०० हर्ट्झवर लेव्हल जुळवा, मग कपॅसिटर लावा. आधी लावला तर २०० हर्ट्झवरच १.३ डीबीच्या आसपास घट दिसेल आणि तुम्ही ती भरून काढायला जाल.

अजून एक, पोलॅरिटी. काही ॲम्प सिग्नल उलटा करतात. लेव्हल अगदी जुळली तरी एक उलटा असेल तर क्रॉसओव्हरच्या जागी दोन ड्रायव्हर, म्हणजे ट्वीटर आणि वूफर, एकमेकांना खोडतात. तपासायला स्पीकरच्या जागी लावलेले ८.२ ओहमचे डमी रेझिस्टर तसेच ठेवून मीटरची एक पिन एका ॲम्पच्या लाल टर्मिनलला, दुसरी पिन दुसऱ्या ॲम्पच्या लालला, त्याच चॅनेलच्या. दोघांची काळी टर्मिनलं ग्राउंडला असतील तर सुलट असताना जवळजवळ शून्य दिसेल आणि उलट असेल तर चार व्होल्टच्या आसपास. चार दिसले तर व्हॉल्व्हकडच्या स्पीकर वायरी लाल-काळ्या अदलाबदल करायच्या, पण दोन्ही चॅनेलच्या, एकच केली तर अजून घोटाळा.

सूरसांगली:

सगळं झालं, आणि मनापासून आभार तुम्हा सगळ्यांचे. पॉटवर १०० केच होतं. रेझिस्टर लावल्यावर डावा १.९६, उजवा १.९७. लाल ते लाल मोजलं तर ०.१५ व्होल्ट, म्हणजे सुलट आहे. त्यानंतर ०.१ चा कपॅसिटर लावला.

गायक आता खरंच मधोमध आलाय. हार्मोनियमची किरकिर गेली आणि तरी तिच्या पट्ट्यांचा तो हवेचा आवाज ऐकू येतो, तो आधी नुसत्या ८० वॉटवर असा येत नव्हता. अभंगात टाळ जोरात असताना आधी एक धूसरपणा यायचा तो मी रेकॉर्डिंगचा दोष समजत होतो, तोही पुष्कळ कमी झाला. १.९६ आणि २.०० मधला फरक अजून काढायला पाहिजे का?

तारजोड:

नको. तो पाव डीबीच्याही आत आहे, आणि दोन्ही चॅनेल सारखे आलेत हे जास्त महत्त्वाचं. फक्त व्हॉल्व्हचा नॉब कोणी फिरवणार नाही अशी सोय करा, घरात लहान मुलं असतील तर नॉबची टोपीच काढून ठेवा.

शारजा_स्टिरिओ:

धाग्यात मधेच घुसतोय, पण विषय हाच आहे. माझ्याकडे उलटा प्रकार, खाली जुना मोठा ॲनालॉग ॲम्प आणि वर नवीन छोटा क्लास-डी (स्विचिंगवर चालणारा ॲम्प), त्यात ब्लूटूथ, टोन, डीएसपी सगळं आहे. मीटरने लेव्हल बरोबर जुळवली, पाव डीबीसुद्धा फरक नाही, तरी गायकाचा आवाज मधे पोकळ वाटतो. लाल ते लाल मोजून बघितलं तर शून्य पण नाही आणि दुप्पट पण नाही, मधलंच काहीतरी येतं.

ठाणे_ओहम:

शारजा_स्टिरिओ, तुमच्याकडे दोन गोष्टी एकत्र आहेत. पहिली, असे क्लास-डी बहुतेक ब्रिज आउटपुटचे असतात, त्यांचं काळं टर्मिनल ग्राउंड नसतं, त्याच्यावरही सिग्नल असतो. त्यामुळे लाल ते लाल ही चाचणी तुमच्याकडे लागूच होत नाही. आणि काहीही झालं तरी त्याचं काळं टर्मिनल दुसऱ्या ॲम्पच्या काळ्याला किंवा चॅसिसला लागू देऊ नका, स्पीकरच्या मागची काळी पट्टी राहिली असेल तर आत्ता जाऊन काढा.

दुसरी गोष्ट, पोकळपणाची. डीएसपीवाला ॲम्प ॲनालॉग इनपुट आधी डिजिटल करतो, त्यावर प्रक्रिया करतो आणि मग बाहेर काढतो, त्यात उशीर होतो. एक मिलिसेकंद उशीर म्हणजे ट्वीटर ३४ सेंटीमीटर मागे सरकवल्यासारखं. अडीच किलोहर्ट्झची एक लाट ०.४ मिलिसेकंदाची, म्हणजे ०.२ मिलिसेकंद उशिरालाच त्या जागी दोन ड्रायव्हर उलटे होतात आणि खड्डा पडतो. व्होल्टमीटरला उशीर दिसत नाही, म्हणून तुमची लेव्हल बरोबर आणि आवाज चूक. त्या ॲम्पला डीएसपी पूर्ण बाजूला ठेवणारा ॲनालॉग मोड आहे का बघा, नुसते टोन कंट्रोल बंद करून उपयोग नाही कारण सिग्नल तरीही चिपमधूनच जातो. तसा मोड नसेल तर त्याला वूफरला लावूनही सुटणार नाही, उशीर तेवढाच राहील, फक्त बाजू बदलेल. मग दोन्हीकडे तसेच दोन ॲम्प घ्या, किंवा वरचा साधा ॲनालॉग इनपुटचा क्लास-डी घ्या, आणि लेव्हल परत पहिल्यापासून मोजा.